जे बाहेर पडले नाहीत

हिमवादळाविषयी जे साहित्य आपण वाचतो आणि वर्गात शिकवतो, ते जवळजवळ सगळे घराबाहेर पडलेल्या माणसांचे साहित्य आहे. कोणी लग्नासाठी निघतो, कोणी सौद्यासाठी, कोणी मरणाला टेकलेल्या मित्रासाठी धर्मोपदेशक आणायला. वाट हरवते, घोडा थकतो, रात्र पडते आणि लेखकाला जे सांगायचे असते त्याला मग सुरुवात होते. पुश्किनची ‘हिमवादळ’ ही कथा (१८३१) अशी आहे. ‘मास्टर अँड मॅन’ या इंग्रजी नावाने आपल्याला परिचित असलेली टॉल्स्टॉयची दीर्घकथा (१८९५) अशीच आहे. डाकोटात वसलेल्या नॉर्वेजियन शेतकऱ्यांवरची रोल्वागची कादंबरीही याच वाटेने संपते. वादळ येणार असे कळल्यावर ज्याने सरपण आत आणून रचले, दार लावून घेतले आणि दोन दिवस ते उघडले नाही, त्याची कथा सहसा कोणी लिहीत नाही. त्याला काही झालेलेच नसते. कथनमीमांसेच्या दृष्टीने ही अडचण जुनीच आहे, आणि ती तेवढ्यापुरती राहिली असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु संकटात कसे वागावे याचे नमुने माणसे बऱ्याच अंशी गोष्टींतूनच उचलतात, आणि हिमवादळाच्या बाबतीत गोष्टींनी दिलेला नमुना नेमका जीवघेणा आहे, असे माझे मत झाले आहे.

मराठी वाचकासाठी आधी शब्दाविषयी थोडे. ‘हिमवादळ’ हा आपला शब्द पुस्तकी आहे. तो बोलीत नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. आकाशातून भुरभुरणारा आणि पाणी गोठून घट्ट झालेला अशा दोन्हींना आपण ‘बर्फ’च म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताच गोळेवाल्याची गाडी आठवते. परदेशातल्या मुलाने फोनवर ‘इथे बर्फ पडतोय’ म्हटले की इकडून ‘मजा आहे बाबा तुमची’ असे उत्तर जाते ते यामुळेच. इंग्रजीतला ‘ब्लिझर्ड’ हा शब्दही हवामानाच्या अर्थाने फार जुना नाही. आधी तो जोरदार तडाख्याला, बंदुकांच्या सरबत्तीला वापरला जाई. आयोवा राज्यातल्या एस्थरव्हिल या लहानशा गावच्या वृत्तपत्राने १८७० च्या सुमारास तो वादळासाठी योजला असे सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची आजची व्याख्या अशी : ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा, उडत्या वा पडत्या बर्फामुळे पाव मैलापेक्षा कमी झालेली दृश्यमानता, आणि ही स्थिती किमान तीन तास. बर्फ किती इंच पडावा याचा या व्याख्येत उल्लेख नाही. आधी पडून राहिलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलला तरी हिमवादळ होते. वर आकाश निरभ्र असूनही होते. काही दिसत नाही, हेच त्याचे मुख्य लक्षण. माणूस स्वतःच्या अंगणात हरवतो. अमेरिकेतल्या माळरानावरचे शेतकरी घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून ठेवत आणि तो धरूनच गुरांना चारा घालायला जात, ते उगीच नव्हे.

या माळरानावर १२ जानेवारी १८८८ रोजी जे वादळ झाले त्याला ‘शाळकरी मुलांचे हिमवादळ’ असे नाव पडले आहे. कित्येक दिवसांच्या कडाक्याच्या थंडीनंतर त्या दिवशी सकाळ उबदार निघाली. मुले जाड कोट न घालता शाळेत गेली, शेतकऱ्यांनी गुरे बाहेर सोडली. मग वायव्येकडून वारा भिंतीसारखा आला. डाकोटात तो दुपारच्या आधी पोचला, नेब्रास्कात शाळा सुटायच्या सुमारास. बर्फ पिठासारखा बारीक होता. डोळे, नाक, कपड्यांच्या शिवणी, सगळ्यांत तो शिरत होता. रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला. मृतांचा आकडा साधारणपणे २३५ दिला जातो. काहींच्या मते तो याहून बराच मोठा होता.

त्या दिवसाच्या दोन शिक्षिका इतिहासाला ठाऊक आहेत. पहिली मिनी फ्रीमन. नेब्रास्कातल्या मीरा व्हॅलीतली तिची शाळा मातीच्या ढेकळांची होती. वाऱ्याने छप्पर उडवले तेव्हा ती मुलांना घेऊन निघाली आणि सगळ्यांना जवळच्या घरी सुखरूप पोचवले. मुले तेरा होती की सोळा यावर एकमत नाही. तिने त्यांना दोरीने एकत्र बांधले होते की नाही यावरही नाही. तिच्यावर गाणे निघाले, देशभर नाव झाले, लग्नाच्या मागण्यांचा पाऊस पडला. नेब्रास्काच्या विधानभवनात या प्रसंगावर रचलेले मोझेकचे भित्तिचित्र आजही आहे. दुसरी लॉइस रॉइस. प्लेनव्ह्यू गावाजवळच्या तिच्या शाळेत तीन मुले होती. दुपारी तीनच्या सुमारास सरपण संपले. तिचे राहते घर दोनशे यार्डांच्या आत होते. तेवढे अंतर सहज जाऊ, असे वाटून ती मुलांना घेऊन निघाली, आणि ते घर तिला सापडले नाही. तिन्ही मुले रात्री तिच्या कुशीत गोठून मेली. ती वाचली, तिचे पाय कापावे लागले.

या दोघींची तुलना करून एक धाडसी व दुसरी दुर्दैवी असे ठरवणे सोपे आहे, आणि तसे ठरवलेही गेले. पण दोघींनी केलेली कृती एकच आहे. दोघींनी मुलांना घेऊन वादळात पाऊल टाकले, कारण आत थांबणे दोघींनाही अशक्य झाले होते. एकीचे छप्पर गेले, दुसरीचे सरपण संपले. पुढचे वाऱ्याच्या दिशेने आणि नशिबाने ठरवले. मला स्वतःला त्या दिवशीची तिसरी शिक्षिका अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिचे नाव मी सांगू शकत नाही, कारण ती एक नव्हती. कितीतरी शाळांतून मास्तरांनी आणि बाईंनी मुलांना रात्रभर आतच ठेवले. लोखंडी शेगडीभोवती बसवले, गाणी म्हणून घेतली, झोपू दिले नाही; कुठे बाके मोडून आत घातली. सकाळी वारा पडला आणि पालक येऊन मुलांना घेऊन गेले. अशा रात्रीवर गाणे निघत नाही. शाळेमागच्या खोपटात कोळसा किती भरलेला होता, एवढ्यावरच त्या रात्रीचा सगळा फरक उभा होता. आणि तो भरला असेल पाचसहा आठवड्यांपूर्वी, कोणा कंटाळलेल्या शाळा समितीच्या सदस्याने.

इशारा नव्हता का? होता, पण त्याची भाषा पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत तेव्हा हवामानाचे काम लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होते, आणि रोजच्या अंदाजाला अधिकृत शब्द होता ‘इंडिकेशन्स’, म्हणजे नुसती चिन्हे, संकेत. सेंट पॉल येथे लेफ्टनंट थॉमस वुडरफ हे काम पाहत. त्यांच्या त्या दिवशीच्या अंदाजात बर्फ होते, उत्तरेकडे वळणारे वारे होते, नंतरची थंडीही होती. शीतलहरीचे निशाण, पांढऱ्यावर मधोमध काळा चौकोन, फडकवण्याचे आदेश मात्र निघाले तेव्हा फार उशीर झाला होता. आणि आदेश जाणार कुठवर? तार रेल्वेच्या स्थानकापर्यंत होती. माळावरच्या शाळेला निशाण दिसत नव्हते, दिसते तरी ते मुलांना घरी पाठवा म्हणते की ठेवून घ्या म्हणते, हे त्यावर लिहिलेले नव्हते. हवामानाचे भाकीत आणि वागण्याची सूचना ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले वाक्य विज्ञानाने पुढे बरेच सुधारले. दुसरे वाक्य कोणी, केव्हा आणि कोणाला उद्देशून उच्चारायचे, हा प्रश्न आजही तितकाच अवघड आहे. ‘मुसळधार ते अति मुसळधार’ हे शब्द ऐकून नेमके काय करायचे, याचा उलगडा आपल्याकडे तरी किती जणांना होतो?

आता टॉल्स्टॉयकडे येतो. ‘मास्टर अँड मॅन’ वर्गात घेतली की चर्चा हमखास शेवटावर जाते. व्यापारी वसिली ब्रेखुनोव आपला गडी निकिता याच्यावर आडवा पडतो, आपल्या अंगाच्या उबेने त्याला जगवतो आणि स्वतः मरतो. हृदयपरिवर्तन, त्याग, ख्रिस्ती प्रेम. हे सगळे कथेत आहे आणि ते शिकवलेच पाहिजे. पण मुले ज्या भागावरून चटकन पुढे जातात तो मधला भाग आहे. वाट चुकून ही दोघे ग्रिश्किनो नावाच्या खेड्यात येतात, रस्ता विचारून पुन्हा निघतात, पुन्हा चुकतात आणि पुन्हा ग्रिश्किनोतच येऊन पोचतात. दुसऱ्या वेळी एका सधन म्हाताऱ्याच्या घरात त्यांना आत घेतले जाते. समोवार पेटलेला आहे, चहा आहे, ऊब आहे. रात्र इथेच काढा, असा आग्रह होतो. वसिली नको म्हणतो. एका रानाचा सौदा दुसऱ्या व्यापाऱ्यांनी गाठायच्या आत त्याला करायचा आहे. निकिताला मनापासून थांबायचे आहे, पण स्वतःची इच्छा नसण्याची त्याला इतकी सवय झालेली आहे की तो ती बोलूनही दाखवत नाही. माझ्या वाचनात कथेचा कणा हा इथे आहे. टॉल्स्टॉयने या माणसाला थांबण्याची संधी दोनदा दिली, एखाद्या न्यायाधीशासारखी, आणि मगच त्याला वादळाच्या हवाली केले.

याच घरात आणखी एक पात्र आहे, पेत्रुष्का हा तरणा पोरगा. घरातले एकुलते एक पुस्तक, पाउलसनचे वाचनमाला, त्याला पाठ आहे. तो पाहुण्यांना वळणापर्यंत सोडायला निघतो आणि वाटेत पुश्किनच्या वादळावरच्या ओळी म्हणतो. प्रत्यक्ष वादळ त्या ओळींशी जुळते आहे याचा त्याला केवढा आनंद होतो! वादळाची कविता उत्तम येणारा हा मुलगा, दोन माणसे त्या वादळात चालली आहेत ही गोष्ट अडवण्यासारखी आहे, असे त्याच्या मनातही येत नाही. वाङ्मयाचे शिक्षक म्हणून आपण या परिच्छेदापाशी जरा अस्वस्थ व्हायला हवे. (पेत्रुष्का स्वतः मात्र वळणावरून माघारी फिरतो आणि घरी पोचतो. टॉल्स्टॉय असे तपशील विसरत नाही.)

आपल्या पाठ्यपुस्तकांतही निघालेल्यांचीच गोष्ट आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून हिरकणी कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेली, हे आपल्यापैकी प्रत्येकाने चौथी-पाचवीत ऐकलेले असते. त्या आख्यायिकेतल्या आईपणाबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण संकटकाळी आपल्या माणसाकडे धाव घेणे हेच प्रेमाचे एकमेव रूप, असे तिने आपल्या मनावर कोरले आहे. १८८८ च्या त्या वादळात मुलांना आणायला निघालेले बाप आणि थोरले भाऊ मृतांत होते. त्यांच्या नावाचे बुरूज कुठे नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत लाखो लोक कचेऱ्यांतून घराकडे चालत निघाले. त्या रात्रीच्या चालण्याचे आणि एकमेकांना दिलेल्या हाताचे कौतुक ‘मुंबईचे स्पिरिट’ म्हणून वर्षानुवर्षे झाले. पाण्यात अडकलेल्या मोटारींच्या बंद काचांआड जी माणसे गुदमरून गेली आणि ज्या शाळांनी मुलांना रात्रभर ठेवून घेऊन बिस्किटांवर सांभाळले, त्यांच्याविषयी त्या मानाने फार थोडे बोलले गेले. पाऊस आणि बर्फ यांची तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. घरी जाण्याची ओढ मात्र दोन्हीकडे तीच आहे.

ही ओढ आणि निकिताची ती न बोललेली इच्छा, दोन्ही एकाच वेळी पाहायची असतील तर बफेलो शहराकडे पाहावे. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला ईरी सरोवराच्या काठी वसलेले हे शहर. सरोवराच्या गोठायच्या राहिलेल्या पाण्यावरून थंड वारा आला की बाष्प उचलतो आणि काठावर बर्फाच्या रूपाने ओततो. बर्फाची सवय या शहराइतकी थोड्याच शहरांना असेल. तिथल्या विद्यापीठात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत, मराठीही आहेत. डिसेंबर २०२२ मधल्या वादळाचे भाकीत काही दिवस आधी आले होते आणि ते अचूक होते; ‘पिढीतून एकदाच’ असे शब्द स्थानिक हवामान कार्यालयाने वापरले होते. १८८८ ची अडचण इथे नव्हती. तरीही २३ डिसेंबरच्या शुक्रवारी वाहनबंदी लागू झाली ती सकाळी साडेनऊला, म्हणजे लोक कामावर पोचल्यानंतर. पुढे विमानतळावर सुमारे ३७ तास हिमवादळाची स्थिती सलग राहिली, चार फुटांहून अधिक बर्फ पडला. रुग्णवाहिका, बंब, एवढेच काय बर्फ काढणाऱ्या गाड्यासुद्धा अडकल्या. शहर आणि परिसरात सत्तेचाळीस माणसे गेली. काही रस्त्यावर सापडली, काही मोटारीत, काही वीज गेलेल्या घरात, काही बर्फ उपसताना हृदय बंद पडून, काही मदत न पोचल्यामुळे. शहरातल्या मृतांमध्ये निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. बंदीला झालेल्या उशिरावर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०२३ च्या अहवालात बोट ठेवले.

बंदी नसेल तर कामावर जावे लागते. ‘आज येत नाही’ असे म्हणण्याची मुभा ज्याच्याजवळ आहे तो भाकीत ऐकून थांबतो. ज्याची तासावर मजुरी आहे तो सरकारने थांबवल्याशिवाय थांबू शकत नाही. हा फरक हवामानशास्त्राच्या कोणत्याही नकाशात दिसत नाही. दूरचित्रवाणीवर ‘घराबाहेर पडू नका’ हे वाक्य सर्वांना उद्देशून उच्चारले जाते, आणि ज्यांच्यावर ते बेतणार असते त्यांना ते पाळता येत नाही.

घरात थांबणे हेसुद्धा फुकट मिळत नाही. त्यासाठी आपल्या भाषेत एक फार सुंदर शब्द आहे : बेगमी. शासकीय मराठीने त्याजागी ‘आपत्तिपूर्व सज्जता’ आणून बसवले, आणि आमच्या महाविद्यालयांना दरवर्षी त्या नावाचे परिपत्रक येते, ते फाइलला लावले जाते. बेगमी कधी फाइलला लागत नसे. कोकणात आगोटीच्या आधी लाकूडफाटा आत येई, भात-कडधान्य भरले जाई, सुकी मासळी, आमसुले, पापड डब्यांत जात, पावसाच्या अंगाला झापांचा आडोसा बांधला जाई. आणि हे करताना कोणाला आपण धोक्याचे व्यवस्थापन करीत आहोत असे वाटत नसे. हिमवादळाची तयारी म्हणजे अशी बेगमी, फक्त तिला मुदत फार थोडी मिळते. किमान तीन दिवसांचे, जमल्यास आठवड्याचे, न शिजवता खाता येईल असे अन्न, माणशी दिवसाला जवळपास चार लिटर पाणी, रोजची औषधे, तान्ह्या मुलाचे दूध, विजेरी आणि तिचे सेल, पांघरुणे. डबाबंद अन्न भरपूर आणि डबा उघडण्याचे हत्यार विजेवर चालणारे, असाही प्रकार होतो. अर्थात ज्याच्या घरात महिनाअखेरीस चार दिवसांचाच शिधा उरतो त्याने आठवड्याचे अन्न कुठून भरावे? बफेलोच्या पूर्व भागात मुळात वाणसामानाची मोठी दुकाने कमी. बेगमी ही ऐपतीची गोष्ट आहे, हे आपल्या आजीलाही माहीत होते.

आपल्या विद्यार्थ्यांना तिकडे पाठवताना सांगावे असे दोन-तीन मुद्दे इथे मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण आपल्या सवयी तिकडे उलट्या पडतात. तिकडे घर तापवणारी भट्टी बहुधा गॅसवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी ऊब राहील अशी समजूत असते. ती गरम हवा घरभर फिरवणारा पंखा मात्र विजेवरचा असतो. वीज गेली की भट्टी बंद. मग सर्वांनी एकाच लहान खोलीत यावे, बाकीची दारे लावून घ्यावीत, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबावा, एकावर एक सैलसर कपडे घालावेत. इथवर ठीक. यानंतर आपल्याला शेगडी आठवते. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणारी आपली संस्कृती. कोळशाच्या उबेत आपल्याला धोका दिसत नाही. पण ती घरे कौलारू होती, हवा चहूकडून झिरपत होती. तिकडचे घर डब्यासारखे बंद असते. कोळसा किंवा जनरेटर आत पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर निघणारी भट्टीची नळी बर्फाखाली गाडली गेली तरी हाच वायू आत उलटतो. ती नळी कुठे आहे हे वादळाच्या आधी पाहून ठेवायचे असते आणि हा वायू ओळखणारे यंत्र घरात चालू आहे ना, तेही.

मोटारीतही हीच गाठ. पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी ७ आणि ८ जानेवारी २०२२ च्या रात्री बर्फ पाहायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या रस्त्यात अडकल्या, आणि किमान बावीस माणसे, त्यांत लहान मुले, गाड्यांतच मेली. यांतल्या काही मृत्यूंचे कारण विषारी वायू असल्याचे सांगितले गेले. बर्फ पाहायला म्हणून मनालीकडे गाड्या भरभरून जाणाऱ्या आपल्या लोकांनी ही बातमी कापून ठेवण्यासारखी आहे. अडकलेली मोटार सोडून चालू लागणे हा सर्वांत वाईट पर्याय; मोटार शोधणाऱ्याला दिसते, माणूस दिसत नाही. तासातून दहा मिनिटे इंजिन चालवावे, त्याआधी दर वेळी उतरून धुराची नळी बर्फातून मोकळी करावी, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी, आरशाला किंवा अँटेनाला भडक रंगाचे फडके बांधावे, हातपाय हलवत राहावे. तहान लागली म्हणून बर्फ तोंडात घालू नये; तो वितळवण्यात अंगातलीच ऊब खर्च होते.

आणि थंडी आधी बुद्धीवर घाला घालते. शरीराचे तापमान उतरू लागले की कापरे भरते, मग बोलणे अडखळते, मग माणूस चुकीचे निर्णय ठामपणे घेऊ लागतो. शेवटच्या टप्प्यात काहींना उकडल्याचा भास होतो आणि ते कपडे काढू लागतात. म्हणून ‘वेळ येईल तेव्हा पाहू’ हा आपला लाडका सिद्धान्त इथे चालत नाही. थांबायचे की निघायचे, हे डोके ताळ्यावर असताना, वारा सुटायच्या आधी ठरवून ठेवावे लागते.

थांबलेल्यांची गोष्ट अजिबातच लिहिली गेली नाही असे नाही. लॉरा इंगल्स वाइल्डर हिचे ‘द लाँग विंटर’ (१९४०) हे पुस्तक १८८०-८१ च्या हिवाळ्यावर आहे. डाकोटातल्या डी स्मेट या नव्या गावात वादळांमागून वादळे आली, आगगाडी महिनोन्‌महिने बंद पडली, कोळसा संपला. घरातली माणसे वाळक्या गवताला पीळ घालून घालून त्याच्या कांड्या करतात आणि जाळतात. गहू कॉफीच्या हातगिरणीत दळतात, पाळीपाळीने, दिवसभर. हात फुटतात. पानांमागून पाने हेच चालते, आणि वाचवत राहते. जात्यावरच्या ओव्यांचा वारसा असलेल्या भाषेला दळण्याच्या लयीतून उभे राहणारे वाङ्मय परके वाटू नये. गव्हासाठी माळ तुडवत जाणाऱ्या दोन तरुणांचा साहसी प्रसंग त्यातही आहे, पण पुस्तकाचा भार त्याच्यावर नाही. या पुस्तकाची गणना बालसाहित्यात होते आणि आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ते येण्याची शक्यता नाही. टॉल्स्टॉयच्या शेजारी ते ठेवून पाहावे, एवढी सूचना करून ठेवतो.

जवळच एक आणखी लहान मजकूर ठेवता येईल. २०२२ च्या त्याच वादळात बफेलोला लागून असलेल्या चीक्टोवागा या गावी एक माणूस गाडीत अडकला. आसपास आणखी गाड्या अडकलेल्या होत्या. जवळ एक शाळा दिसली. नाताळच्या सुट्टीमुळे बंद. त्याने खिडकी फोडली आणि वीसहून अधिक माणसांना आत घेतले, त्यांत म्हातारी माणसे होती, कुत्री होती. शाळेच्या स्वयंपाकघरातले खाऊन त्यांनी वादळ काढले. आवराआवर करून निघताना त्याने एक चिठ्ठी मागे ठेवली. खिडकी फोडल्याबद्दल, स्वयंपाकघरात शिरल्याबद्दल त्याने तीत क्षमा मागितली होती, प्राण वाचवण्यासाठी हे करावे लागले असे लिहिले होते आणि खाली नाताळच्या शुभेच्छा देऊन सही केली होती. पोलिसांनी नंतर त्याला शोधून काढले, ते आभार मानायला. शाळेत त्या रात्री दुसरे काही घडले नाही.